मुद्देमाल क्रमांक एक

कटकच्या हायकोर्टात, नऊ नंबरच्या खोलीत
पंखा असा फिरतो की कागदावर दगड ठेवावा लागतो.
माझ्याकडे दगड नाही. निराकार सेठीची फाईल मी
निराकार सेठीच्याच जेलमधल्या अर्जानं दाबून धरतो.

वकील त्यानं केलेला नाही. मला नेमून दिलंय,
रेशनवर तांदूळ मिळतो तसं.
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.
त्याचा अंगठा मात्र ओळखतो मी,
डाव्या कडेला आडवी चीर, विळ्याची असेल.

हकीकत एवढीच.
बैतरणीच्या काठची एक आळी, तिकडे साही म्हणतात.
एका अंगणात उकडून वाळत घातलेली साळ,
दुसऱ्या अंगणातली चार बदकं.
बदकांना कुंपण कळत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.
त्यावरून शब्द. शब्दावरून आई-बाप, मेलेलेसुद्धा.
मग भिंतीला टेकवलेला कावडीचा बांबू
आणि बैधर मलिकच्या डाव्या कानामागे
एक घाव.

एकच.
डॉक्टरनं एक लिहिलाय. पंचनाम्यात एक.
खालच्या कोर्टानं तो एक घाव सतरा पानं मोजला
आणि जन्मठेप दिली.

रात्री मी मूळ जबानी काढली, उडियातली.
साक्षीदार क्रमांक तीन, कुंतला, मयताची बायको.
इंग्रजी तर्जुम्यात ती म्हणते,
आरोपीनं मारलं, नवरा पडला, मी ओरडले.
उडियात 'पडला' आणि 'ओरडले' यांच्या मधे
अजून एक ओळ आहे, शाई फुटलेली.
निरा भाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, म्हणाला, पाणी आण.

तर्जुमा करणाऱ्याला जेवायला जायचं असेल.
त्याच्या त्या जेवणाला
नऊ वर्षं चार महिने लागले.

मी ती ओळ वाचून दाखवली.
मोठे न्यायमूर्ती उडिया जाणत नव्हते,
धाकट्यांनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितली.
पाणी हा शब्द इतका हळू म्हणता येतो
हे मी कोर्टात पहिल्यांदा पाहिलं.

तीनशे दोन गेलं. तीनशे चार, भाग दोन आलं.
भोगली तेवढी शिक्षा पुरे.
आणि शेवटच्या परिच्छेदात नेहमीची ओळ,
मुद्देमाल निरुपयोगी असल्यानं नष्ट करावा.

दुसऱ्या दिवशी ती आली.
तारीख चुकली म्हणाली, मग म्हणाली बस चुकली.
मला वाटलं शिव्या देईल. मी उत्तरं जुळवून ठेवलेली,
हेतू नव्हता, ऐन वेळचा राग, कायदा फरक करतो.
त्यांतलं काहीच कामी आलं नाही.
मी म्हणालो, तुमच्याच जबानीवर सुटला तो.
मी त्याला सोडवायला नव्हतं सांगितलं, ती म्हणाली,
विचारलं म्हणून सांगितलं.

मग बराच वेळ चपलेत रुतलेला खडा काढत बसली.
आणि मान वर न करता,
कावड कुठाय?

कावड आमची. माझ्या सासऱ्यानं तासलेली.
त्याच्या लेकीच्या बारशाला पाणी भरायला
मागून नेली होती, परत द्यायची राहिली.

मी फाईल उलटीपालटी केली.
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं,
सरकारी वकिलानं नाही, मी नाही.
मुद्देमाल क्रमांक एक. बांबू, लांबी चार फूट दोन इंच,
एका टोकाला डाग.
मालकाचा रकाना कोरा.

शिपायानं दारातून पुढच्या केसचं नाव पुकारलं.
तिनं दोन्ही हात पसरून दाखवले, एवढी होती.
चार फूट दोन इंचांहून
बरीच मोठी भरत होती.