तुरट

पलूसच्या पुढं, माळावर, पत्र्याची लांबलचक शेड.
केतकी शिंत्रे म्हणाली, "आप्पा, आधी ग्लास धरायला शिका.
पोटाला नाही, दांडीला. हाताची ऊब लागते वाईनला."
मी धरला.
इतकं अलगद मी एकच धरलं होतं आजवर,
सांगलीच्या हळदपेठेत उमेदवारी करताना
रुमालाखाली समोरच्या अडत्याची बोटं.
चार बोटं चाळीस,
मधलं पेर दाबलं की पाच वर.

पुढं तासगावात पस्तीस वर्षं बेदाण्याचे सौदे काढले.
द्राक्ष म्हणजे काय, हे मला कोण शिकवणार?
तिनं क्रेटमधनं एक घड उचलला
आणि मला हसूच आलं.
वाटाण्याएवढे मणी, जाड साल, पोटात बिया.
असला माल आमच्याकडं कुणी गाडीतनं उतरवून घेतला नसता.
आम्ही मणी फुगवला, लांबवला,
बी तर त्याच्या जातीतनंच हद्दपार केली.
"बारीक म्हणूनच घेतला," ती म्हणाली,
"साल जास्त, पाणी कमी."
आणि चिमटीत मणी चिरडला.
काळ्याभोर मण्याचा रस
पांढरा.
साठी उलटली माझी द्राक्षात,
रंग सालीचा असतो
हे आज कळतंय.

मग स्टीलच्या टाकीला कान लावायला सांगितलं.
आत बारीक चरचर,
चुन्याच्या ढेकळावर पाणी ओतल्यागत.
खमीर साखर खातंय म्हणे, रात्रंदिवस.
मी म्हटलं, आमच्या शेडवर आम्ही
द्राक्षातलं पाणी वाऱ्याला देतो,
तुम्ही साखर ह्याला देता.
मालकाला काय उरतं, तेवढं बघायचं.

"आता वास घ्या. कशाचा येतोय?"
बाटलीवर छापलं होतं चेरी, ब्लॅकबेरी, ओक.
"बाई, ह्यातलं एकही मी खाल्लेलं नाही."
"मग जे खाल्लंय ते सांगा."
नाक घातलं ग्लासात.
जांभूळ, ते तर कुणीही सांगेल.
कोरं गोणपाट.
गंधकाची धुरी दिलेली खोली,
दुसऱ्या दिवशी दार उघडताना.
आणि तळाशी, अगदी तळाशी
कवठ. फोडून, गूळ न घालता, रात्रभर ठेवलेलं.
तिनं कानामागची पेन्सिल काढली
आणि वहीत लिहिलं, कवठ.
माझ्या कुठल्या शब्दासाठी
पेन्सिल निघालेली मी पहिल्यांदाच बघितली.
आमच्याकडं आकडेच लिहितात.

पहिला घोट. जीभ कोरडी, हिरड्या आवळल्या.
"ह्याला टॅनिन म्हणतात, आप्पा."
"तुरट म्हण की! कच्ची सुपारी खाल्ल्यागत."
ती हसली. "म्हणते."
"आणि आता ह्या बादलीत थुंका."
तिला वाटलं असेल, आप्पा बिचकणार,
एवढं महागाचं थुंकायचं म्हणून.
पोरी, दिवसाला दीडदोनशे लॉट.
प्रत्येक बोद फोडायचा, दोन दाणे दाताखाली,
गोडी बघायची, खडा बघायचा, थू,
भाव बोलायचा, पुढं.
पस्तीस वर्षांत जिल्ह्यातला निम्मा बेदाणा ह्या तोंडातनं गेलाय,
पोटात मूठभर नसेल.
थुंकायला मला शिकवू नकोस.

मी बादलीकडं वाकलोसुद्धा.
"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.
सवयीनं भाव बोलायला गेलो
तर आकडाच येईना.
तोंड भरलेलं, बाहेर फाल्गुनाचं ऊन,
पत्रा तापून कडकड वाजत होता,
माझ्यामागं कुठलाही लॉट उभा नव्हता.
गिळलं.
छातीपर्यंत कळत होतं कुठं पोचलंय ते.

घरी येताना विट्याच्या एसटीत
खिडकीकडं तोंड करून बसलो, उगीच.
घरात शिरताना बडीशेप चावत होतो.
कुणी काही बोललं नाही.

चार दिवसांनी धुण्याला काढलेल्या सदऱ्यात
सुनेला बूच सापडलं, एका अंगानं जांभळं झालेलं.
तिनं नाकाशी धरलं, मला विचारलं,
"मामंजी, कवठं आणली होती का कुठनं?"