चिंचेचा चोथा

एकशे ऐंशीची बाटली दुकानात परत ठेवली.
आमटीतून उरलेला चिंचेचा चोथा, मूठभर मीठ,
इतक्यावर भागतं.

कोपरखैरणेत आज टँकरचं पाणी, दीड बादली.
नळाच्या मानेवरचा पांढरा खर
पिळलेल्या लिंबाच्या सालीनेच सुटला.

मग माळ्यावरचा काळाठिक्कर पितळी डबा.
घासताना बोटांच्या भेगांत चिंच झोंबली
आणि काठाखाली अक्षरं वर आली:
सौ. कुमुद वैती, कळवा. १९८४.

म्हणजे हा आमचा नाहीच!
माझ्या वेळी आईला डिंकाचे लाडू आले होते म्हणे.
आई म्हणायची, देऊ उद्या.

लखलखतोय आता, चोरी पकडल्यासारखा.

रिकामा कसा द्यायचा?
घरात लिंबं आहेत तीन,
न पिळलेली.