मोड

लायसन्सच्या फॉर्मवर एक रकाना आहे : स्थापना.
मी एकोणीसशे एकेचाळीस लिहितो, डब्यावर छापलंय तेच.
त्याआधी तीन वर्षं
सगुण तिरोडकर वेंगुर्ल्याच्या बंदरावर वखारीचा हिशेब लिहायचे
आणि भागीरथी घरी नाचणी भिजवायची
आळीतल्या बाळंतिणींसाठी, फुकट.
लढाईत विलायती पावडरचे डबे यायचे थांबले.
आगबोटीतून उतरलेल्या डॉक्टरने विचारलं, हे सत्त्व विकता का?
आजोबा हो म्हणाले.
ती चुलीपाशी होती.

तीन पाण्यांनी धुवायची, एक रात्र भिजत,
मग जुन्या धोतरात गच्च गाठ.
दुसऱ्या रात्री गाठोडं आतून ऊब धरतं,
ताप आलेल्या पोराच्या पाठीसारखं.
मोड दिसला की थांबवायचं.
उशीर झाला तर दाण्यातली गोडी मोडच खाऊन टाकतो.
जागं करायचं आणि उठू द्यायचं नाही,
एवढाच आमचा धंदा.

नेमकं कधी, ते कुमुदआत्याला कळायचं.
"नाकान बघ," म्हणायची, "डोळ्यांनी नको."
एकोणिसाव्या वर्षी तिला निपाणीला दिली.
त्या सालच्या वहीत परत आलेले डबे : दोनशे बारा.
कारण : कडवट.

चौऱ्याऐंशीत गोव्याहून बिअरवाला आला,
पांढऱ्या गाडीतून, रुमालात जवाचे दाणे घेऊन.
मोठ्या काकांनी कर्ज काढून शेड घातली.
चाळीस पोती जव, सप्टेंबरची दमट हवा.
चौथ्या दिवशी सगळ्यावर हिरवी लव.
रातोरात होडीतून नेऊन खाडीत ओतला.
पुढचा आठवडाभर शेंगटं इतकी गावली
की बाजारात भाव पडला;
काका तेवढे दिवस वरणभात जेवले.

मग वाटण्या.
गिरणी थोरल्याकडे, नाव धाकट्याकडे.
आठ वर्षं गिरणीला नाव नव्हतं
आणि नावाला गिरणी.

आता स्टीलची टाकी आहे, टायमर आहे.
मेमध्ये आत्या आली, त्र्याऐंशीची, काठी टेकत.
दारातच थांबली.
"काढ. आत्ताच."
टायमर म्हणत होता अजून दोन तास.
मी काढलं.
त्या घाण्याचे डबे बेळगावच्या व्यापाऱ्याने
पुन्हा मागवले, तसलेच हवेत म्हणाला.

पुढचा रकाना : संस्थापकाचे नाव.
एकाच नावापुरती जागा.
फॉर्म तीन दिवस वजनकाट्याखाली दाबून ठेवलाय,
कडा नाचणीच्या पिठाने तांबूस झाल्यात.
शेवटची तारीख उद्या.