गोड मानून घ्या

पाटोला तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल,
ऊरेच्या खाडीकडे तोंड करून.
ओहोटी लागली की बंद काचेतूनही
आत येतो कुजक्या अंड्याचा वास.
नवी मुलं नाकाला रुमाल लावतात.
मला घरी आल्यासारखं होतं.

ज्याचा हिशेब मी करते तो वायू इथला नाही.
खूप लांब, समुद्रात रोवलेल्या नळांतून
तो वर येतो गंधक पोटात घेऊन,
आणि एका मनोऱ्यात त्याला गोड करतात.
कारखान्याच्या बोलीत असंच म्हणतात: आंबट वायू, गोड वायू.
खालून वायू चढतो, वरून अमाईन उतरतं,
दोघं अंगाला अंग घासून जातात,
आंबटपणा एकाचा दुसऱ्यात.
जात कुठेच नाही तो.
अमाईन तापवलं की पुन्हा बाहेर,
मशालीच्या तोंडाशी.

किती जळलं, किती तसंच सुटलं,
त्याचा अदमास करायचा, एवढीच माझी नोकरी.
चौतीस किलो हायड्रोजन सल्फाइड जाळला
की चौसष्ट किलो डायऑक्साइड होतो गंधकाचा.
जळलेलं हलकं होतं असं मला शाळेत वाटायचं.
हे परततं
बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखं जड.

नेवऱ्याच्या खाजनात मानशीवर जाकीन असायचा.
काठी न बुडवता सांगायचा,
आज पाणी दोन विती जास्त चढणार,
आणि दार सोडायचा त्या बेताने.
खारं बाहेर, गोडं आत.
आम्ही पोरं खेकड्यांसाठी चिखल उपसायचो,
काळा, आतून बुडबुडणारा.
मी नाक दाबलं तर म्हणाला,
"वास येता न्ही? बरें.
वास येवपाचो बंद जालो जाल्यार धांव."
त्याचा भाऊ मिंगेल गल्फला गेला होता,
तेलाच्या टाकीत उतरला होता.
त्याला आधी वास आला.
मग आला नाही.
बाकीचं जाकीनने सांगितलं नाही,
दाराच्या खाचेतलं शेवाळ नखाने खरवडत राहिला.

परवा कोष्टक आलं.
रकाना नववा: मशाल विझलेले तास.
जानेवारी शून्य, फेब्रुवारी शून्य,
बाराही महिने शून्य, एका सरळ रेषेत,
कुणी पट्टी धरून मारल्यासारखे.
ऑगस्टची पेटवणीची नोंदवही मात्र
चुकून त्याच पाकिटात आली होती.
रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी ज्योत गेली.
पेटवली सकाळी आठ दहाला.
खाली सही, वाचता न येणारी, घाईची.

मी फोन लावला. सोनटक्के साहेब हसून म्हणाले,
"वादळ होतं हो मॅडम. वर्षाच्या बेरजेत
अकरा तास कुठे दिसतात?
शून्यच गोड मानून घ्या."

खरंच दिसत नाहीत.
मी मांडून पाहिलं: दशांशचिन्हानंतर
तिसऱ्या घरात एक आकडा हलतो.
पण ते अकरा तास चौतीसाचे चौतीसच राहिले,
न जळता.
हवेपेक्षा जड असतो तो, वर जात नाही,
पायऱ्या उतरत आल्यासारखा खाली येतो,
आणि खाली कुणीतरी वही घेऊन उभा होता
नऊ दहापासून.
त्याला वास येत होता का,
हे विचारायला कोष्टकात जागा नाही.

अकरा लिहिले. चौकोन लाल झाला.
खाली शेरा मागत होता, शेरा लिहिला: नोंदवहीवरून.
आमचे केरकर सर दोनदा येऊन वाचून गेले,
काही बोलले नाहीत, चहा मागवला.

संध्याकाळी मुलांनी रुमाल खिशात घातले.
मी उठून काच सरकवली, हुंगून पाहिलं.
काहीच नाही.
पुन्हा हुंगलं, जरा जोरात.
भरती आली असावी.
असावी.