पाखरू आहे

लाक्सोनेननं टेबलावर पेटी उघडली,
कासारानं बांगड्या मांडाव्यात तशी मांडली
भोंगे, फिरते दिवे, निळे ठिपके, लाल पट्ट्या,
आणि म्हणाला, वाजवून बघा, लावून बघा, घाई नाही.

बाहेर कोत्काचं बंदर, जानेवारी,
साडेतीनलाच मिटलेला दिवस.
आत आम्ही पाचजण, हेल्वीच्या थर्मासमधली कॉफी,
आणि एक रिकामी खुर्ची, तौनोची.
तिच्यावर कुणी कोटसुद्धा ठेवला नाही.

पहिला भोंगा: पीप, पीप, पीप.
कुणी मान वर केली नाही.
हाच तर आहे आमच्याकडे, मी म्हटलं.
अकरा फोर्कलिफ्ट, दिवसभर मागे सरतात, दिवसभर पीप.
रोज मरे त्याला कोण रडे.
शिवाय गेल्या मेपासून तो
छपरातल्या पाखरालाही येतो.

लाक्सोनेन हसला. आम्ही हसलो नाही.

मैनेच्या कुळातलं, काळं,
अंगावर तीळ उधळल्यासारखे ठिपके.
चार नंबरच्या तुळईवर घरटं केलं त्यानं,
आणि महिन्याभरात हुबेहूब पीप.
आम्ही कागदाच्या रिळांआड चटकन सरायचो,
यायचं कुणीच नाही.
मग एकमेकांना सांगायचो, पाखरू आहे, चल.
ते गोदामाचं पालुपदच झालं.

नोव्हेंबरात तौनो हेच म्हणाला,
पाखरू आहे,
आणि वळला नाही.
नोव्हेंबरात पाखरू कुठलं,
ते केव्हाच दक्षिणेला उडालं होतं.
गाडीवर इल्पो होता, आणि दीड टनाचं रीळ.

दुसरा भोंगा वेगळा: खस्स, खस्स,
सुपात तांदूळ पाखडल्यासारखा.
हा कुठून येतोय ते कळतं, लाक्सोनेन म्हणाला.
मिर्या म्हणाली, मला नाही कळणार,
डावा कान लहानपणीच गेला,
जग मला सगळं उजवीकडूनच येतं.

म्हणून दिवे.
हेल्वीनं बटण बंद केलं.
जमिनीवर एक निळा ठिपका उतरला,
गाडीच्या पाच मीटर पुढे,
कोपऱ्यावरून आधी तो आला, मग गाडी,
पाहुण्याआधी त्याचं कुत्रं अंगणात यावं तसा.
मिर्या त्याच्याकडे बघत राहिली.
दोन्ही बाजूंना लाल रेघा:
इथवर पाय, इथून पुढे नाही.

आणि जूनमध्ये? मी विचारलं.
दारं उघडी, रात्री दहालाही ऊन फरशीवर,
बादलीत नीळ विरते तसा विरेल तुमचा ठिपका.
लाक्सोनेननं वहीत काहीतरी लिहिलं.

तेव्हा इल्पो बोलला.
नोव्हेंबरापासून तो फक्त हो आणि नाही म्हणायचा.
हे सगळं चालणाऱ्याला सांगतं, तो म्हणाला,
मी येतोय, मी येतोय.
तू आहेस, हे मला कोण सांगणार?
माझ्यापुढे रीळ असतं. मला रीळच दिसतं.

कॉफी गार झाली.
लाक्सोनेननं पेटीचा तळ उचकटला,
काड्यापेटीएवढी एक टिकली काढली:
ही जाकिटाला लावायची,
जवळ आलात की गाडीतच वाजेल, त्याच्या कानाशी.
किंमत त्यानं हळू आवाजात सांगितली.

हिशोब मीच केला. जुळेना, पुन्हा केला.
खस्स अकरा. निळे अकरा. लाल बावीस.
टिकल्या सहाच, उरलेल्या पुढच्या वर्षी.
कोपऱ्यावरचा आरसा आम्ही आमचाच बसवला,
पिवळी रेघ इल्पोनं रविवारी येऊन ओढली,
गुडघ्यांवर बसून, एकट्यानं.

एप्रिलच्या शेवटी पाखरू परतलं.
तुळईवर बसलं आणि म्हणालं, पीप, पीप.
सगळे थांबले. तौनोही, काठी टेकून.
कोपऱ्यावर पाहिलं. निळं काही आलं नाही.
तरीही आम्ही उभेच.

मग तीन नंबरची गाडी मागे सरली, खस्स, खस्स,
आणि पाखरानं मान तिरकी केली.
बराच वेळ ऐकलं.
घशात काहीतरी खसखसवून पाहिलं, जमलं नाही,
पुन्हा पाहिलं.