रिटचिंग

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराच्या पाठीमागे,
काश्तानबाबच्या स्टुडिओत मी एकतीस वर्षं
फक्त चेहरे साफ केले.
पेन्सिल काचकागदावर घासून सुईसारखी करायची,
आरशाने उजेड खालून घ्यायचा, श्वास रोखायचा,
आणि निगेटिव्हवर जिथे डागातून उजेड गळतो
तिथे शिसं भरायचं. एवढंच.
देवीचे वण, पुटकुळ्या, लग्नाआधीची जागरणं.
नवरीमुली मला ओळखत नसत.
मी त्यांना छिद्राछिद्राने ओळखायचो.

आता काश्तानबाब नाही. डार्करूममध्ये
त्याची नात रुफीना मोबाईलची कव्हरं विकते.
मला दाखवते : बघ, पुर्सोमाम, एक बोट,
आणि गेला मस.
मी बघतो. छान गेला. काय बोलणार?
लग्नाच्या ऑर्डरी ड्रोनवाल्या पोरांकडे जातात.
ते वरून काढतात, टाळूचे फोटो.

परवा कामुर्लीहून पिएदादबाय आली, पिशवीत मोबाईल घेऊन.
आग्नेलचा. जहाजावरून सामानाबरोबर परत आलेला.
"ह्यात नऊ हजार फोटो आहेत म्हणतात.
पण ह्याला त्याचाच अंगठा लागतो."
त्याने घरी पाठवलेले होते थोडे. सगळे गुळगुळीत.
"हनुवटी कोणा भलत्याचीच. माझ्या पोराला वण होता.
सांजांवला विहिरीत उडी मारताना चिरा लागला.
आठ टाके."

बिस्किटांच्या डब्यात सापडला : शहाण्णव साल,
जहाजाच्या कागदांसाठी काढलेला,
वीस वर्षांचा, पांढऱ्या केसांचा आग्नेल.
वण नव्हता.
कसा असेल? मी होतो ना तेव्हा कामाला.

टर्पेंटाईनमध्ये कापूस बुडवला.
हात थरथरतो आता, पण पुसायला काय लागतं.
रुफीनाने एका मोबाईलचा पडदा पांढरा केला,
त्यावर फिल्म ठेवली, दुसऱ्याने टिपली,
काळ्याचं पांढरं केलं,
आणि मोबाईलने आपल्या मनानेच
हनुवटी परत साफ करून दिली.
"थांब," ती म्हणाली, "ते बंद करते."
पहिल्यांदाच मला त्या यंत्राची कीव आली.
सवय आहे बिचाऱ्याला.

पिएदादबायने काचेला बोट लावलं, तर चेहरा मोठा झाला.
ती दचकली.
मग पुन्हा लावलं.

कापूस टेबलावर तसाच आहे.
त्यावर करडी रेघ, नखाएवढी.
चांगलं काम होतं ते.