दयेची फळी

हॉर्निंगथॉर्पच्या चर्चची किल्ली वीतभर लांब,
ती मिसेस थर्टलच्या फाटकाशी, जिरेनियमच्या कुंडीखाली असते.
सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून सुरक्षित.
"दार आधी स्वतःकडे ओढ, मग ढकल," त्या म्हणाल्या,
"सहाशे वर्षं असंच हट्टी आहे ते."

बाहेर बीटच्या शेतांवर फेब्रुवारी,
आत त्याहून जुना, दगडात मुरलेला फेब्रुवारी.
अवजारांची पिशवी ठेवली आणि नजर सवयीनं वर गेली;
सुताराच्या पोरीला देवाआधी आढं दिसतं.
तुळया, कैच्या, प्रत्येक तुळईच्या टोकाला एक देवदूत,
गालावर लाल रंगाचा उरलासुरला पापुद्रा.
बारातले तिघे बिनपंखांचे.
कुणी तोडले ते वहीत लिहिलंय,
पंखांचं काय केलं ते नाही.
मला वाटतं, जाळले. थंडी होती.

दाराशी आठ बाजूंचं दगडी कुंड,
ज्यात हे गाव एकेकदा रडून घेतं.
कमानीवर चुन्याखालून परत वर आलेला न्यायाचा दिवस:
कढईत एक राजा, एक बिशप, अंगावर फक्त मुकुट आणि टोपी,
शेजारी मापात मारणारी बिअरवाली, अजून मग हातात धरून.
आणि लाकडी पडद्यावर संतांची रांग, चेहरे खरवडलेले.
मी जवळ जाऊन पाहिलं. पटाशीच्या खुणा एकाच बाजूनं.
डावखुरा होता.

"नवे चेहरे नाही का करता येणार?"
येतील, मी म्हटलं. पण करू नयेत.
"हं," म्हणत त्या पितळी मेणबत्तीदाणी घासायला लागल्या,
जरा जास्तच जोरात.

माझं काम वेदीजवळच्या आसनांत, उत्तरेकडून तिसरं.
भुंग्यानं बिजागरी खाल्लेली. बिजागरी म्हणजे लोखंड नाही,
त्याच फळीतून काढलेली ओकची खुंटी.
आसन वर उलटवलं की खालून एक छोटी फळी पुढे येते.
प्रार्थना तासन्तास, उभ्यानं, बसायचं नाही;
म्हाताऱ्या पाद्र्यांनी हिला टेकायचं.
उभं दिसायचं, आणि बसायचं.
हिचं नावच दया.
कुल्ल्यांना पुरेल एवढी.

फळीखाली कोरलेला माणूस
एक बूट काढून शेकोटीशी तळवा धरून बसलाय.
पाचही बोटं सुटी. अंगठ्याला नखसुद्धा.
त्याच्यावर शतकानुशतकं माणसं टेकली,
हा पाय शेकतोय.

फळी सोडवली, मागे टॉर्च मारला.
खोबण चुकली होती.
दोन बोटं डावीकडे पाडलेली, मग लक्षात आल्यावर बुजवलेली:
त्याच ओकचा तुकडा, रेषेला रेषा जुळवून.
इतकं नीट, की सबंध आसनात
तेवढी चूकच सर्वांत सुबक.

मालवणात बाबा होड्यांच्या फळ्या जोडायचे.
"चुकलीस? भुसा नि सरस भरून फसवू नको.
त्याच झाडाचा तुकडा शोध.
झाड झाडाला ओळखतं."
मी बारा वर्षांची, नाकावर घाम,
आणि झाडापेक्षा बाबांवर चिडलेली.

त्यानंही इकडेतिकडे पाहिलं असेल.
मुख्य मिस्त्री जेवायला गेलेला.
एक शिवी घातली असेल, अशा इंग्रजीत
जी आता मिसेस थर्टलनाही कळणार नाही.

अहवालात मूळ दोष नोंदवायचे असतात, फोटोसह.
मी लिहिलं: खुंटी बदलली. बाकी सुस्थितीत.

माझी पहिली खुंटी सैल झाली.
दुसरी केली. पहिली कोटाच्या खिशात आहे.

चारला अंधारायला लागलं.
मिसेस थर्टल, वय एक्क्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं,
"बघू तरी," म्हणत आसन उलटवून टेकल्या.
फळी कुरकुरली, थांबली.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "दोन इंच खाली आहे.
पाद्री बुटके असणार."